आधी रेडकू सोडा

शिपायाने माझा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला. चेअरमनने स्वतः हात लावला नाही. लांबूनच शिपायाला म्हणाले, "हिना अंगठा ले."

मी म्हटलं, "भाऊ, माले सही येस."

"तुन्ही सहीनं काय लोणचं घालू?"

अख्खी दूध सोसायटी हसली. मंडपात खुर्चीवर सरकारी साहेब होते, तेही हसले.

पारोळ्याकडचं आमचं गाव. बौद्धवाड्यातल्या बायकांना योजनेतून दुभत्या म्हशी वाटायचा कार्यक्रम चालला होता. अर्धं अनुदान, अर्धं बँकेचं कर्ज. कर्ज दुधातून फेडायचं. म्हणजे म्हशीने दूध दिलं नाही तरी फेडणार आम्हीच. पण भाषणात जो तो 'फुकट' म्हणत होता. हा शब्द ऐकला की मी आधी पदराची गाठ चाचपून बघते.

माझ्या नावाची म्हैस खुंट्याला बांधलेली. शिंगांना तेल, गळ्यात झेंडूची माळ, शेजारी रेडकू. साक्रीच्या बाजारातून आणली, ताजी व्यालेली आहे, असं चेअरमन त्या सरकारी साहेबांना सांगत होते. मला ते पटेना. रेडकू केव्हाचं ओरडत होतं आणि म्हैस तिकडे मान वळवत नव्हती. ताजी व्यालेली म्हैस पोराला असं रडू देईल? माझं तान्हं घरी होतं. त्याच्या नुसत्या आठवणीने माझी चोळी भिजली होती.

एवढ्या माणसांत हे एकालाही दिसलं नसेल? सगळ्यांना दिसलं होतं. आम्ही विचारणार नाही, याचाच त्यांना भरवसा होता.

शिपाई माझा अंगठा कागदाकडे न्यायला लागला. मी हात हिसडला.

"आधी रेडकू सोडा."

चेअरमनचा चेहरा उतरला, मग आवाज चढला. "फुकटनी म्हैसना दात मोजस का? बठ्ठास्नी गुपचूप लिध्या. तुलेच काय व्हई ऱ्हायनं?"

माझा नवरा त्यांच्याच शेतावर सालदार. तो मागून पुटपुटला, "चूप बस. आपलं पोट शे तठे." मला त्याचा राग आला. कीवही आली.

कोणी हलेना. मग मीच वाकले आणि दावं सोडलं.

भुकेलं रेडकू म्हशीच्या कासेला गेलं. तिने हुंगलं आणि लाथ घातली. पुन्हा गेलं, पुन्हा लाथ. तेवढ्यात रस्त्यापलीकडून, चेअरमनच्या गोठ्यातून, एक म्हैस हंबरली. रेडकू शेपटी वर करून थेट तिकडे पळालं आणि तिला लुचायला लागलं.

साहेब घड्याळ बघायला लागले.

"जनावर बिचकनं," चेअरमन म्हणाले. "अंगठा मार."

"मी नही देत अंगठा."

बोटाची शाई मी लुगड्याला पुसली आणि घरी आले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात नवऱ्याचं साल तुटलं. ज्या बायकांनी म्हशी घेतल्या, त्यांच्या म्हशी पोळ्याच्या आत आटल्या. हप्ते आटले नाहीत. लोकांच्या वावरात कापूस वेचून त्या आटलेल्या म्हशींचं कर्ज फेडत राहिल्या. आणि सोसायटीच्या ओट्यावर बसून चेअरमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सरकार कितलं बी देवो, या लोकेसले पुढे जावानंच नही."

लुगड्यावरचा डाग मी घासला नाही.

दारात खुंटा ठोकून ठेवला आहे. म्हैस मला तेव्हाही हवी होती, आजही हवी आहे. ज्याला द्यायची असेल त्याने माझ्या दारात आणावी आणि माझ्या देखत रेडकू सोडावं. तिला पान्हा फुटला तर मी सही करीन.

अंगठा मिळणार नाही.