मुकी पट्टी

भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी दंडाला ताईत बांधून आली तर "आधी हा सोड, मग उत्तर दे" म्हणणारी मी बाई. त्यामुळे या सदरात माझं नाव बघून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. हसू देत. जे घडलं ते मी स्वतः मोजमाप करत असताना घडलं, म्हणून मला ते झटकून टाकता येत नाही. एरवी कधीच टाकलं असतं.

गोष्ट ग्वाल्हेरची. संस्थान अजून होतं, लढाई नुकतीच संपली होती. आम्ही माधवगंजात राहायचो – मी, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. आई-वडील आधीच गेले होते. दादा ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतला तो दोन्ही कानांनी ठार बहिरा होऊन. शेजारीच तोफगोळा फुटला होता. मुरारच्या लष्करी डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, कान गेले, आशा ठेवू नका. तेव्हापासून त्याच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. तो उत्तर द्यायचा ते मोठ्यानं, एकसुरी... स्वतःचाच आवाज त्याला कळत नव्हता ना.

हेही आम्ही अंगवळणी पाडून घेतलं असतं. पण कधी जेवताना, कधी पेपर वाचताना तो एकदम मान वर करायचा आणि म्हणायचा, "वाजलं."

"काय वाजलं?" मी पाटीवर लिहायची.

"माहीत नाही. वाजलं." आणि पुन्हा घास घ्यायचा.

ही गोष्ट आमच्या तात्यांच्या कानावर गेली. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरात त्यांचं लक्ष. एक दिवस ओसरीवर बसून म्हणाले, "नलू, पोराला काहीतरी लागलंय. तिकडे जंगलात काय कमी मेले? आला असेल एखादा मागे-मागे."

"तात्या, कान फुटला की डोक्यात आवाज येतात. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरला काय खाक समजतं! मी सयान्याशी बोललोय. येईल तो."

आमच्याकडे देवऋषीला सयाना म्हणतात. मी म्हटलं, "तो या दारात आला तर मी त्याला झाडूनं हाकलीन." तात्या रागावून उठले. वहिनी आत भाजी चिरत होती.

आता भोंग्याचं सांगते, कारण खरं प्रकरण तिथूनच सुरू झालं. तात्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी मुरारला लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातून एक अँप्लिफायर, एक मायक्रोफोन आणि भलामोठा पत्र्याचा भोंगा आणला. इंदरगंजातल्या मंडळाच्या हॉलमध्ये लावून बघितला, तर नुसता गोंगाट. वक्ता काय बोलतोय, मागे एक शब्द कळेना. लगेच कुजबुज सुरू झाली... लढाईतला माल, कुणाकुणाचे शेवटचे हुकूम त्यातून गेले असतील, असला भोंगा गणपतीपुढे लावायचाच कशाला?

माझं डोकं फिरलं. मी भर बैठकीत उभी राहिले. "या भोंग्यात कोणी बसलेलं नाही. कुठल्या सुराला तो किती ओ देतो, ते मी मोजून दाखवते. मग बोला."

बायका तेव्हा बैठकीत बोलत नसत. मी बोलले.

याला इंग्रजीत फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. रीतसर मोजायचं यंत्र मुंबईहून मागवावं लागलं असतं, आणि ते आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. पण हे गाणाऱ्यांचं गाव! वाद्यांना काय तोटा? मी गायनशाळेतून एक सतार आणि एक तंबोरा मागून आणला. तारा वेगवेगळ्या सुरांत लावल्या आणि प्रत्येक तारेवर कागदाचा चिमुकला, दुमडलेला तुकडा घोड्यावर बसवावा तसा बसवला. तारेचा स्वतःचा सूर हवेतून आला की तार आपोआप थरथरते आणि कागद उडतो. सूर जोरात आला तर टुणकन उडतो, कमी आला तर नुसता हलतो, आलाच नाही तर गप्प बसून राहतो. झालं यंत्र.

सूर द्यायला वहिनीची पेटी, तिच्या माहेरून आलेली. पेटीचा सरळ आवाज हॉलमध्ये येऊ नये म्हणून ती मागच्या खोलीत, गादीवर ठेवली. मायक्रोफोन तिच्यासमोर, दार बंद, वायर दाराखालून हॉलमध्ये भोंग्यापर्यंत. प्रत्येक सूर सारख्याच जोरानं वाजावा म्हणून भात्यावर वीट ठेवली. वहिनीनं फक्त भाता उघडून सोडायचा आणि एकेक पट्टी दाबायची, वरून खाली. तिला अमुकच सूर दे म्हणून मला ओरडायला लागू नये, म्हणून हाच क्रम ठरवला.

रविवारची सकाळ होती, ऊन खिडक्यांतून थेट फरशीवर. दादाला घरी एकटं ठेवायला नको म्हणून बरोबर आणलं होतं. तो खोलीच्या दाराकडे पाठ करून, भोंग्याच्या अगदी पुढ्यात पेपर वाचत बसला. त्याला काय फरक पडणार होता!

वहिनीनं सुरुवात केली. मधल्या सप्तकात भोंगा असा बोंबलला की कागद तारेवरून फरशीवर. एका सुराला तर तो पिसाळल्यासारखा भुंकायचा, शेजारच्या सुराला निम्माही नाही. माझं उत्तर मला तिथेच मिळालं. सगळे शब्द त्या एका सुराखाली चिरडले जात होते. दादा शांतपणे पान उलटत होता.

मग वहिनी खालच्या सुरांवर आली. मंद्रात भोंग्याचा जोर संपला, कागद जेमतेम हलू लागले, आणि पुढे तेही थांबले. एका पट्टीला तर काहीच नाही. तार गप्प, भोंगा गप्प, मला काही ऐकू नाही.

आणि दादानं मान वर केली. "वाजलं."

मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात तो म्हणाला, "अजून वाजतंय... थांबलं."

मी खोलीचं दार उघडलं. वहिनीनं नुकतंच बोट उचललं होतं. मी दादाला पाटीवर लिहून दाखवलं, वाजलं की हात वर कर, आणि परत दाराशी आले.

"वहिनी, तीच पट्टी पुन्हा दाबा."

तिनं दाबली. मी उंबऱ्यावर उभी. इकडे वहिनी, तिकडे दादाची पाठ. त्याचा हात वर गेला. तिनं सोडली, हात खाली आला. मी भोंग्याची वायर उपटून टाकली. पुन्हा तेच! मी खुणेनं सांगितलं, आता बराच वेळ दाबूच नका. तिनं दाबली नाही तोवर त्याचा हात मांडीवरून हलला नाही. दाबली की वर. एकदाही चूक नाही. बाकीच्या पट्ट्या वाजवून बघितल्या, तर तो दगडासारखा बसलेला.

मी शास्त्राची बाई. म्हटलं, हा मंद्र गंधार माझ्या कानाला लागत नाही इतका हळू असेल, पण त्याच्या कुठल्यातरी हाडातून जात असेल. "वहिनी, हा सूर जरा जोरात द्या."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "कसा देऊ, वन्सं? ही पट्टी मुकी आहे. हिची आतली सुराची पत्ती केव्हाची तुटलीये. मी आपली क्रमानं जायचं म्हणून दाबली."

मी पेटीला कान लावला. खरंच, काही नाही. नुसती हवा.

मग मी ती पट्टी स्वतः दाबली. दादा हलला नाही. पुन्हा दाबली, कितीतरी वेळ धरली. नाही. वहिनीनं हळूच माझा हात बाजूला केला आणि आपलं बोट ठेवलं. हॉलमधून आवाज आला, "वाजलं."

वहिनी तिथेच खाली बसली. तोंडाला पदर लावून रडायला लागली. मग तुटक-तुटक बोलली. लग्नाआधी ती रोज वाजवायची. लढाईवरून हे आले ते असे... यांना ऐकू येत नाही आणि मी घरात पेटी वाजवू? पण हात राहवेनात. मग यांचं पान वाढून झालं की, किंवा दुपारी सगळे आपापल्या कामात असताना, आतल्या खोलीत पेटी उघडायची आणि फक्त ही पट्टी दाबायची. कुणाला कळणार नाही अशी.

तो "वाजलं" म्हणायचा ते केव्हा, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि नेमके तेव्हाच तात्या आले, सयान्याला घेऊन! आम्ही सगळे हॉलवर आहोत हे बघून त्यांनी घरचा झाडू टाळला होता. सयान्यानं दादाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "साया है इन पर. कोई बुलाता है इन्हें."

मी तोंड उघडणार, तर वहिनी पुढे झाली. या बाईनं तोवर तात्यांसमोर मान वर केली नव्हती. डोळे तसेच ओले, पण आवाज असा की हॉल घुमला.

"बुलाता है ना? मैं बुलाती हूँ. बायको आहे मी त्यांची. यात उतरवायचं काय आहे, तात्या? मला उतरवणार?"

तात्या म्हणाले, "सूनबाई, तू समजत नाहीस..."

"मला समजायचंही नाही. या सयान्याला घेऊन जा इथून."

सयाना खरंच गेला. तात्या त्याच्या मागोमाग.

भोंग्याचं म्हणाल तर तो भिंतीपासून फिरवला, तोंडात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा बसवला, आणि भुंकणं थांबलं. त्या गणपतीत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द कळला. वहिनी घरी उघड पेटी वाजवू लागली, सगळ्या पट्ट्या. मला तो प्रयोग पुन्हा करायचा होता. दाराला पडदा लावून, खोल्या बदलून. वहिनीनं साफ नकार दिला. "भोंगा मोजलात ना? बास. हे मोजायचं नाही." मी चिडले, भांडले, पण ती बधली नाही.

पुढे मी हे एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना सांगितलं. म्हणाले, त्यांना सावली दिसली असेल. मी म्हटलं, त्याची पाठ होती. म्हणाले, फरशीची कंपनं असतील. मी म्हटलं, पेटी गादीवर होती, आणि माझ्या बोटाला कंपनं होत नाहीत का? मग म्हणाले, योगायोग. मी म्हटलं, सर, हा शब्द सयान्याच्या शब्दाइतकाच रिकामा आहे. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. म्हणून मी कुणाचंही उसनं घेणार नाही – ना प्राध्यापकांचं, ना सयान्याचं.

दादाला मात्र एकदा विचारलं. पाटीवर लिहिलं, "तो आवाज कसा होता?"

त्यानं वाचलं. माझ्याकडे बघितलं... अगदी तसं, जसं आम्ही त्याच्याकडे बघायचो, कीव आल्यासारखं. आणि त्याच्या त्या एकसुरी, मोठ्या आवाजात म्हणाला,

"तुला ऐकू आला नाही, त्याला मी काय करू?"