मधलं पान

मोहाडीच्या विणकरभाऊंच्या टसर साड्या एका ऑनलाइन दुकानात लागल्या त्या माझ्या ब्लॉगमुळे. दुकानाची अट साधी होती. ब्लॉगवरून गिऱ्हाईक येत राहिलं तर मला थोडं कमिशन आणि भाऊंच्या साड्यांना जागा. नाहीतर हंगाम संपताच साड्या काढणार. कोण कुठून आलं, हे ते आधीच्या पानाच्या पत्त्यावरून ओळखत.

दुसऱ्याच्या मोजणीवर मी विसंबत नाही. म्हणून मध्ये स्वतःचं एक पान टाकलं. ब्लॉगवरच्या लिंकवर क्लिक केलं की माणूस आधी तिथे जाई, त्याची नोंद होई आणि तो आपोआप दुकानात पोचे. रोज सकाळी मी आकडा वहीत उतरवून घेई. आकडे चांगले होते.

हंगामाचे पंधरा दिवस उरले असताना दुकानाची मेल आली: तुमच्या ब्लॉगवरून एकही माणूस आलेला नाही.

वही समोर घेऊन मी फोनवर भांडले. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, लोक येतात. पण कुठून आले, तो रकाना कोरा असतो. तुमची वही आम्हाला चालणार नाही."

दोन दिवस डोकेफोड केल्यावर कळलं. ब्लॉग सुरक्षित पत्त्यावर होता आणि मधलं पान माझ्या जुन्या, असुरक्षित पत्त्यावर. तिकडे वळतानाच ब्राउझर आधीचा पत्ता गाळून टाकत होता, म्हणून दुकानापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

भाऊंना सांगायला मोहाडीला गेले. त्यांनी माग थांबवला.

"म्हणजे पाव्हणा आपल्या घरून गेला, अन् तिथं सांगून राहिला का असाच रस्त्यानं आलो?"

"हो."

"नाव कोनं पुसलं?"

"मीच."

"तुमी?" त्यांच्या बायकोला हसू आवरेना. "एवढ्या वह्या लिहिता, बाई, अन् असं काहून केलं?"

भाऊ हसले नाहीत. मागावर अर्धी साडी होती.

घरी येऊन मी ते पान काढलं आणि ब्लॉगवरची प्रत्येक लिंक हाताने बदलली. जुने लेख, जुने फोटो, सगळं. दिवस गेला. हंगाम संपता संपता मेल आली: साड्या आणखी दोन महिने ठेवतो, मग पाहू.

भाऊंना फोन केला.

"आता नाव दिसून राहिलं ना?"

"दिसतं."

"किती लोक गेले?"

मला माहीत नव्हतं. दुकानातल्या मुलीला विचारून सांगते, मी म्हणाले.