नानांच्या गाडीतल्या काळ्या तारा

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आत्ताच लिहितेय.

माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, नव्वदच्या सुमारास घेतलेली गाडी आम्ही देवपुरात अजून चालवतो. दिवाळीपासून तिच्यात गाणी पोकळ वाजतात, ढोलकी ऐकूच येत नाही. सकाळी नानांना घेऊन दुकानात गेले. फिटरने टेप बाहेर ओढला आणि हसला. "ताई, ही तर शेतातल्या पंपाची वायर! दोन्ही तारा काळ्या. प्लस-मायनस कळणार कसं? सगळं फेका, नवीन टाका."

ती वायर नानांनीच टाकलेली. मी गाडी घरी आणली.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. नाना मागच्या सीटवरून स्पीकरच्या पडद्याकडे बघत बसले. टेपमागच्या डाव्या स्पीकरच्या तारा मी सेलला क्षणभर टेकवल्या.

"बाहेर उना!" नाना ओरडले.

पडदा बाहेर आला, म्हणजे सेलच्या प्लसला लावलेली तार प्लस. एवढंच असतं! त्या तारेला बारीकशी गाठ होती.

"प्लसले मी गाठ मारेल शे," नाना म्हणाले.

उजवीकडे गाठच नव्हती, आणि टेपच्या प्लसची तार सेलच्या प्लसला टेकवली तर पडदा आत गेला. दिवाळीत याच दुकानाने तो स्पीकर बदलताना टोकं कापून तारा उलट्या जोडल्या होत्या. एक पडदा बाहेर तेव्हा दुसरा आत, म्हणून ढोलकी मरत होती; त्या तारा फिरवल्या आणि ती दणक्यात परतली.

घरातली वस्तू फेकायच्या आधी, ती ज्याने जोडली त्याला तुम्ही कधी विचारता का? मीही विचारलं नव्हतं.

उजव्या तारेला आता मी गाठ मारलीय. आता कापून दाखवा म्हणावं त्या दुकानवाल्यांना.