सम होलचा माणूस

लॉकी इम्री गोल्फ क्लबच्या कॅप्टनबाईंच्या नावाने बोटं मोडत होता आणि मर्डो गोर्ली मान डोलावत होता. महिनाभर रोज हेच चाललं होतं.

"बाई शाळेत शिकवायच्या तेव्हाही अशाच होत्या," लॉकी म्हणायचा. "पोराने जरा चूक केली की वर्गाबाहेर. आता माझा हात जरा कापतो, तर मी संघाबाहेर. तुला तरी विचारलं का रे त्यांनी?"

"त्या कुठे कुणाला विचारतात," मर्डो म्हणायचा आणि चहाच्या कपात बघत बसायचा.

विचारायची वेळच आली नव्हती. मर्डो आपण होऊन कॅप्टनबाई मिसेस ड्यूअर यांच्या दारात गेला होता. "यंदाच्या सामन्याला मला दुसरा जोडीदार द्या," तो म्हणाला होता. "लॉकीच्याने आता जवळचा चेंडूसुद्धा खड्ड्यात जात नाही. फक्त माझं नाव मध्ये आणू नका." बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. माझ्यावर घेते."

मर्डोचं सगळं आयुष्य आर्डनेस गावातल्या एका बेकरीत गेलं. पहाटे भट्टी पेटवायची, गाव उठायच्या आत गरम पाव फळीवर लावायचे आणि दुपार झाली की समुद्रकाठच्या मैदानावर. अंगावरचं पीठ झाडायचीही त्याला शुद्ध नसे. लॉकी बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. एकाच्या अंगाला पिठाचा वास, दुसऱ्याच्या डिझेलचा, आणि दोघांत मिळून चेंडू एक. जोडीच्या सामन्यात तसंच असतं. एकाच चेंडूला दोघांनी आळीपाळीने मारायचं. मैदानावर अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे; एकाने विषम होलचा पहिला फटका मारायचा, दुसऱ्याने सम होलचा. हे एकदा ठरलं की बदलायचं नाही. चुकून दुसऱ्याच्या पाळीला मारलं तर तो होल गेला. विषम लॉकीचे, सम मर्डोचे. हे कधी ठरलं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

दर उन्हाळ्यात दोघं एखाद्या जुन्या क्लबवर खेळायला जायचे. मसलबरा झालं, मॉन्ट्रोज झालं, क्रेल झालं. जगातले सगळ्यात जुने क्लब आपल्याच किनाऱ्यावर आहेत, मग बाकी जग कशाला बघायचं, असं लॉकीचं म्हणणं. मर्डोची बायको नेटा म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस आणि फिरायला त्या डिझेलला नेतोस." क्रेलला एकदा असा वारा सुटला की लॉकीचा चेंडू उलटा फिरून त्याच्याच पायाशी आला. दोघं गवतात बसून पोट दुखेपर्यंत हसले.

जोडीत खेळणाऱ्यांचा एक रिवाज असतो. फटका चुकला तरी जोडीदाराची माफी मागायची नाही. त्याने मुद्दाम चूक केलेली नसते, हे धरूनच चालायचं. लॉकीचा हात थरथरायला लागला तेव्हा त्याने कधी माफी मागितली नाही आणि मर्डोनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. आत मात्र साठत गेलं.

साठायला कारण होतं. खाडीपलीकडच्या क्लबशी आर्डनेसचा दरवर्षी सामना व्हायचा. तेही स्वतःला जास्त जुने म्हणवत आणि हेही. कागदपत्रांवरून कधीच निकाल लागला नाही, म्हणून पूर्वजांनी तो खेळावर सोपवला होता. हरणाऱ्याच्या कॅप्टनने जेवणाच्या वेळी उभं राहून, पेला उंचावून म्हणायचं, "आमच्याहून जुन्या क्लबसाठी." मग वर्षभर ते जुने. गेली काही वर्षं आर्डनेसवाले तेच म्हणत आले होते, आणि दर वेळी शेवटची जोडी मर्डो-लॉकीची असायची. कसायाच्या दुकानातसुद्धा लोक विचारायचे, "काय मर्डो, यंदा आपण जुने की नवे?"

यंदा जोडीदार होता स्ट्रुअन, गावातला नवा दंतवैद्य. त्याचा हात दगडासारखा स्थिर. "शेवटचा, अठरावा होल लांब आहे, सम मी घेऊ का?" त्याने विचारलं. मर्डो हो म्हणाला आणि विषम स्वतःकडे घेतले.

सामना रंगला. बाकीच्या जोड्यांचे निकाल बरोबरीत सुटले आणि सगळं शेवटच्या जोडीवर आलं. तिथेही शेवटच्या होलपर्यंत बरोबरी. काठाने पायवाट जाते, तिथल्या बुटक्या भिंतीवर गाव बसलेलं. लॉकीही होता, टोपी डोळ्यांवर ओढून. संघातून काढलं म्हणून तो मैदानात पाय ठेवत नव्हता. पायवाट मात्र सगळ्यांची.

मर्डोने त्याला पाहिलं. आणि पुढचं त्याचं त्यालाच कळलं नाही. स्ट्रुअन पाठ वळवून अंगातला स्वेटर काढत होता. मर्डो पुढे झाला, चेंडू ठेवला, मारला. इतका सरळ फटका त्याच्या हातून कित्येक दिवसांत बसला नव्हता.

"वा," खाडीपलीकडच्या जोडीतला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

स्ट्रुअन अर्धा स्वेटर डोक्यात अडकवून उभा होता. मर्डोला मग आठवलं, सम होल यंदा स्ट्रुअनचे. तो प्रतिस्पर्ध्यांकडे वळला.

"माझी पाळी नव्हती. होल तुमचा."

होल गेला, सामना गेला. भिंतीवर कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. खाडीपलीकडचा म्हातारा मर्डोचा हात सोडेना. "कुणाच्या ध्यानात आलं नसतं हो. असा माणूस आता मिळत नाही."

लॉकी भिंतीवरून उतरून आला. महिनाभरात पहिल्यांदा त्याने मैदानात पाय ठेवला होता. डोळे भरलेले. "पाहिलंत?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हा माझा जोडीदार. पायांनाच सवय याच्या, सम आला की पुढे. आणि चुकलं तर स्वतःच्या तोंडाने सांगणार. त्या बाईला म्हणावं, शीक याच्याकडून."

टाळ्या वाजत होत्या आणि मर्डोला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. चेंडूबद्दल खरं बोलायला त्याला क्षणही लागला नव्हता. त्याने लॉकीचा दंड धरला आणि त्याला बाजूला, वाळूच्या टेकाडामागे नेलं.

"बाईंनी नाही काढलं तुला. मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"तुला घेऊ नका म्हणून. मला जिंकायचं होतं."

लॉकीने त्याच्या हातातून दंड सोडवून घेतला. त्याचा हात आता जास्तच कापत होता. दुसऱ्या हाताने तो धरून लॉकी उभा राहिला.

"आणि मी रोज तिला शिव्या देत होतो," तो सावकाश म्हणाला. "तुझ्यासमोर. तू हो हो करत होतास."

"लॉकी..."

"गेल्या आठवड्यात कसायाकडे ती म्हणाली, इम्री, तब्येत कशी आहे. मी पाठ फिरवली. सगळ्या दुकानासमोर. वयाने मोठी बाई आहे ती." तो चालायला लागला. "चल. आता तूही चल."

क्लबात टेबलं लागली होती, सूप वाढलं होतं. मिसेस ड्यूअर पेला हातात घेऊन उभ्याच होत्या. लॉकी सरळ त्यांच्यापुढे गेला आणि त्याने टोपी काढली.

"बाई, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. माझं चुकलं."

"बसा, इम्री. सूप निवतंय."

"का बोललो ते सांगणार नाही. ते माझं नाही सांगायचं." एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. मर्डोकडे त्याने पाहिलंही नाही.

चमचे थांबले होते. कॅप्टनबाई मर्डोकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. आताही तो गप्प राहिला असता तरी बाई काही बोलल्या नसत्या, लॉकीही नाही. सामन्यातल्या खरेपणाचं कौतुक गावात वर्षभर चाललं असतं.

"लॉकीला मी काढायला लावलं," मर्डो म्हणाला. मग मोठ्याने पुन्हा म्हणाला. "मी. बाईंनी माझ्यासाठी बोलणी खाल्ली आणि मी ती खाऊ दिली."

खाडीपलीकडचा म्हातारा टेबलावरचा रुमाल नीट करत राहिला.

"आमच्याहून जुन्या क्लबसाठी," मिसेस ड्यूअर म्हणाल्या आणि सगळे प्यायले.

लॉकीशेजारची एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्याचा कोट होता. मर्डो खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. लॉकी सूप पीत राहिला. हात कापत होता, थेंब टेबलावर सांडत होते. कोट त्याने उचलला नाही. मर्डोने आपला वाडगा घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्याउभ्याच प्यायला सुरुवात केली.