चाकामागचा ओला डाग

सगुण गावसचे हात कधी स्वस्थ नसत. जेवतानासुद्धा तो ताट उगाच फिरवत राहायचा. दोडामार्गाकडून डिचोलीत आला, तो वीस वर्षं मुळगावच्या खाणीवरच्या ट्रकांखाली उताणा पडून काम करत राहिला. ट्रकांचे ब्रेक वाऱ्याचे, हवेच्या दाबावर चालणारे. कुठे फुसफुसलं की पान्याला लांब नळी जोडायची, नट करकचून आवळायचा.

गोव्याचं घटकराज्य जाहीर झालं, त्या मे महिन्यात विठ्ठलबाब भाटकारांच्या लेकीचं, सुप्रियाचं लग्न होतं, पेडण्याला. तिच्यासाठी घरातली पोर्तुगीज काळातली काळी गाडी बाहेर काढली, तर मागच्या चाकाशी ब्रेकचं तेल झिरपत होतं. आदल्या दिवशी सगुणने नट आवळून दिला आणि घरी आला. बायकोने, शेवंतीने वाढलेलं त्याला गिळवेना. नटाचा शेवटचा अर्धा फेरा फारच सहज फिरला होता.

सकाळी सातला तो वाटीभर तांदळाचं पीठ घेऊन भाटकारांच्या दारात. मागोमाग शेवंती. ब्रेकच्या पाइपाचा जोड पुसून त्याने वर पीठ भुरभुरलं आणि ड्रायव्हर राजेशला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. पांढऱ्या पिठात सावकाश एक ओला डाग उमटला.

"पाइपाचं तोंड नटाखाली तडकलंय," सगुण म्हणाला. "मीच तडकवलं. ट्रकासारखा आवळला."

"मुहूर्त तुझ्यासाठी थांबना रे!" विठ्ठलबाब ओरडले. "नवरीला बसने पाठवू काय?"

"पाठवा. पण ही गाडी अशी जायची नाही."

पाइपाच्या वळणात थोडा वाव होता. तडकलेलं टोक त्याने कापलं, नवं तोंड पसरवलं आणि नट या वेळी आखूड पान्याने, श्वास धरून बसवला. राजेश ब्रेक मारत राहिला, पाइपातली हवा निघाली. पुन्हा भुरभुरलेलं पीठ कोरडं राहिलं. तरी सगुणचं समाधान होईना.

"उतारावर नेऊन आणतो."

तो स्टिअरिंगवर बसला, तर शेजारी शेवंती, पिठाची वाटी मांडीवर.

"तू खंय?"

"लग्न झाल्यापासून गाडीत कधी बसयलंस? आज बसतंय."

"आणि ब्रेक लागलो नाय तर?"

"तू आसस मा बाजूक."

"नवरी ही की ती गो?" ओट्यावरच्या बायका हसल्या.

उतारावर त्याने तीनदा ब्रेक मारला, तिन्ही वेळा उतरून पाहिलं. मग सुप्रिया गाडीत बसली. गाडी वळणाआड गेल्यावर, ती जिथे उभी होती तिथली लाल माती तो तेलाचा ओलावा शोधत चाचपत राहिला. दुपारी घरी जेवायला गेला नाही. कोंकणी-मराठी वादाच्या घोषणांनी रंगलेल्या भिंतीपाशी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

पाचच्या सुमाराला राजेश रिकामी गाडी घेऊन परतला. सगुण मागच्या चाकाशी वाकला, जोडावरून बोटं फिरवली. कोरडी.

मग त्याने विचारलं, "लग्न लागलं?"