मल्लिकार्जुन अण्णांनी मांडलेली टाकी

आमच्या कुंभारी गावात मल्लिकार्जुन अण्णांशी बोलायचं तर त्यांच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौतीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या मागांवर जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग पुन्हा चालता करणारा माणूस. त्या खडखडाटात कान गेले. आता ते ओठांकडे बघून निम्मं समजून घेतात, उरलेलं वहीत लिहून मागतात. डाव्या हाताची दोन बोटंही अर्धीच आहेत. कुणी विचारलं तर म्हणतात, "माग बंद न करताच हात घातला. घाई माजी हुती."

मी त्यांच्याच गल्लीतल्या अंगणवाडीची सेविका, वैजयंती. मागच्या जानेवारीत एका कारखान्याच्या ऑफिसातली जुनी माशांची टाकी आम्हाला मिळाली. दोन फूट लांब, सोबत पंप, फिल्टर, दिवा. मुलं टाकीभोवती नाचायला लागली. आठ-दहा दिवसांनी, सोमवारी, सुपरवायझर मॅडम येणार होत्या. तोवर टाकीत मासे फिरताना दिसले पाहिजेत, असं मी ठरवूनच टाकलं आणि तेवढी वायर जोडायला अण्णांना बोलावलं.

अण्णा आले, खाली बसले आणि वायरीला हातच लावेनात. काचेच्या सांध्यांवरून नख फिरवत राहिले.

"बाई, हिच्यात आदी कोन ऱ्हात हुतं? ते जगलं का मेलं?"

मला कुठलं माहीत!

"मग कुनाच्या बिछान्यावर कुनाला निजवायला लागलाय, ते तरी कळाया पायजे की."

अण्णांना माशांतलं काही येत नव्हतं, आणि येत नाही हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते शहरात विरेशच्या माशांच्या दुकानात गेले. सलग दोन दुपारी स्टुलावर बसून ते विचारत होते आणि विरेश उत्तरं त्यांच्या वहीत लिहून देत होता. ती वही घेऊनच ते परत आले.

आतली जुनी खडी आणि फिल्टरचा स्पंज त्यांनी फेकून दिला. काच मिठानं घासली, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरनं काढला, मग साध्या पाण्यानं पाच-सहा वेळा धुतली. मी साबण पुढे केला तर हात आडवा. "साबन सांदीत बसतोय बाई. तुमाला दिसायचा न्हाय, माशाला लागायचा." पंपाची वायर एका जागी तडकली होती. ती चिकटपट्टी न लावता सरळ कापून टाकली, म्हणजे दुसरं कुणी चुकूनही लावणार नाही.

मग टाकी अंगणात सपाट फळीवर ठेवली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि काठोकाठ भरली. पहिल्या दिवशी कागद कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. झालं की आता, असं मी म्हणत होते. तिसऱ्या सकाळी कागदाचा एक कोपरा ओला.

"साट लिटर हाय ह्ये," अण्णा म्हणाले. "आन् तुमी ठेवनार हुता पोरांच्या मदी, इजंच्या बोर्डाखाली."



अण्णांनी टाकी रिकामी केली आणि आतल्या सगळ्या सांध्यांचं जुनं सिलिकॉन पात्यानं खरवडून काढलं. नवं खास माशांच्या टाकीचंच आणून भरलं. बाथरूमच्या सिलिकॉनात बुरशीचं औषध असतं, त्यानं मासे मरतात, असं वहीत लिहिलेलं होतं. ते आठवडाभर वाळणार होतं. मी चिडून वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "मॅडम सोमवारी येणार!" त्यांनी वाचलं आणि कानडीत शांतपणे म्हणाले, "अवसर माडबेडि." घाई करू नका.

मी केलीच. विरेशनं मला मासे दिलेच नसते, म्हणून शनिवारी दुसऱ्या दुकानातून सहा काळे मोली मासे आणले.

पिशवी बघून अण्णा रागावले नाहीत. नवा प्लास्टिकचा टब मागितला. नळाचं पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, ते ड्रमात साठलेलं होतंच. क्लोरीनचा वास उडालेलं ते पाणी टबात ओतलं, नवा हवेचा पंप लावला, पिशवी पाव तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मगच मासे सोडले. रोज येऊन ते थोडं पाणी बदलू लागले. तरी दुसऱ्याच दिवशी, रविवारी, एक मासा मेला. अण्णांनी तो बाहेर काढला आणि पुन्हा पाणी बदललं. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मॅडम आल्या. कोरडी टाकी आणि टबात पाच मासे. "हे काय?" त्यांनी विचारलं. अण्णांना ते ऐकू गेलं नव्हतं, पण चेहरा कळला. "आजून घर झालं न्हाय मॅडम, नुसती काच हाय," असं म्हणून त्यांनी पंधरा मिनिटं सगळं समजावलं. मॅडमनी वाकून तो गळका कोपरा बघितला आणि मला म्हणाल्या, "यांचं ऐका."

नवा सांधाही पुन्हा तीन दिवस पाणी भरून तपासला. मग टाकी आत आली. पाणसळ लावून सरळ केलेला सिमेंटचा कट्टा, वर थर्माकोल, खिडकीचं ऊन येणार नाही अशी जागा. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर नेली, म्हणजे पाणी ओघळलंच तर खाली ठिबकेल, प्लगात जाणार नाही. विरेशच्या चालत्या टाकीतला मळका स्पंज फिल्टरमध्ये बसवला. मी नाक मुरडलं. "ही घान न्हाय बाई. माशाची घान खानारे जीव हायती हिच्यात." त्या जीवांसाठी पाण्यानं भरलेल्या, पण मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य. अण्णा नसलेल्या माशांना जेवू घालतात म्हणून मुलं खिदळायची. अण्णा मात्र दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. रंग हिरवा आला, म्हणजे पाण्यात अजून माशांना मारणारं विष आहे, की मान हलवून परत जायचे.

चोविसाव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं राहिलं, म्हणजे विष संपलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, तरी पिवळंच. आधी दोनच मासे सोडले, आठवड्यानं उरलेले तीन. पंपाचा आवाज अण्णांना ऐकू येत नाही. त्यांनी काचेवर तळवा टेकला आणि हसले. "चालतोय."

मेमध्ये आमच्याकडे पारा त्रेचाळीसवर गेला. अंगणवाडीला सुट्टी होती, तरी अण्णा रोज दुपारी किल्ली मागून न्यायचे. पाचही मासे तगले. जूनमध्ये पिल्लं झाली, तेव्हा विरेश स्वतः बघायला आला. जुनी टाकी विकत घेणारं गिऱ्हाईक आलं की तुम्हीच तपासून द्या, असं त्यानं अण्णांच्या वहीत लिहिलं. आता आठवड्यातून तीन दिवस अण्णा सिटी बसनं दुकानात जातात. ईरम्मा, त्यांची बायको, डबा भरून देते.

"सगळी उमर त्या आवाजात गेली ह्यांची," ती परवा मला म्हणाली. "आता हे गप गुमान काम गावलंय. लई खुशीत हायती."