ओको ताम्मन गावात पाहुणा येतो

गेशे ताम्मनबद्दल चांगलं बोलणारा माणूस आमच्या गावात शोधायचा, तर थेट कबरस्तानात जावं लागेल, आणि तिथलेही जरा विचार करूनच तोंड उघडतील. एकोणीस वर्षं ही बाई समुद्राच्या बांधाच्या पायथ्याशी, पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक आहे तिथं, लाकडी खोक्यात बसते. थर्मासमधला काळा चहा पिते आणि पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द ऐकवते, "कार्ड?"

कार्ड म्हणजे पाहुणेपट्टी भरल्याचं. गावात मुक्कामाला आलेल्यानं माणशी रोजचे दोन युरो ऐंशी सेंट भरायचे, तेव्हा कुठं त्याला समुद्राचा वारा खायला मिळतो. आम्हा गावकऱ्यांना कार्ड फुकट, पण दाखवायचं सगळ्यांनी. पाद्रीबुवा एकदा विसरले, तर त्यांना भर पावसात घरी पिटाळलं. "देवाघरी तुमची ओळख चालत असेल. हा बांध आहे."

मीही काही सुटलो नाही. मी तीन खोल्या भाड्यानं देतो. एकदा एका जोडप्याची नोंद करायला विसरलो. (विसरलो म्हणजे विसरलो, हसू नका.) गेशेनं त्यांना फाटकावर धरलं, कुठं उतरलात ते काढून घेतलं, आणि संध्याकाळच्या आत दंडाची चिठ्ठी माझ्या दारात. माझं दार आणि तिचं दार यांत सहा पावलांचं अंतर. ती पावलं मी पुढं वर्षभर तिच्याशी न बोलता चाललो.

अशा बाईला नवराही तसाच शोभतो. ओको ताम्मन चाळीस वर्षं कोळंबीच्या होडीवर होता, आणि पाहुणे या जातीवर त्याचा पहिल्यापासून राग. "हे लोक ओहोटीच्या चिखलात पाय घालतात आणि त्याचे पैसे देतात," म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि ओको चाकांच्या खुर्चीत बसला. त्यांचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी. समुद्र ऐकू येतो, त्याचा वास येतो, पण दिसत नाही. मध्ये बांधाची आठ मीटर उंच गवताची भिंत, जिच्यावर मेंढ्या चरतात, आणि तिच्यावर चढायला एकतीस पायऱ्या.

"तीन वर्षं माझा नवरा खिडकीतून मेंढ्यांची ढुंगणं बघत बसलाय," गेशे म्हणाली. हे ती मला नव्हे, महापौरांना म्हणाली. मी आपला कुंपण रंगवत होतो. खिडकी उघडी होती, त्याला मी काय करू?

महापौर लोथार ब्रुन्के. आतल्या मुलखातून आलेला, पूर्वी गाद्या विकायचा. निवडून आल्यापासून पाहुणेपट्टीच्या समितीवरही तोच. आयजीच्या जिवावर बायजी उदार! त्या पैशातून आमच्या गावात काय काय आलं म्हणून सांगू? चौकात काँक्रीटचा सील आला, तो मिशांचा समुद्री प्राणी. तो सीलपेक्षा ब्रुन्केसारखाच दिसतो. बांधावर भलीमोठी निळी चौकट आली, पाहुण्यांनी त्यात डोकं घालून फोटो काढायला. दोन उन्हाळे आतषबाजी झाली, तिला घाबरून मेंढ्या पळाल्या त्या पार शेजारच्या गावात सापडल्या. गेशेनं मागितला होता बांधावर चढणारा एक तिरका रस्ता, खुर्ची ढकलता येईल असा. तिचे तिन्ही अर्ज समितीच्या कामकाजात सगळ्यात शेवटी, 'इतर' या सदरात मेले.

"ताम्मनबाई, मला वाईट वाटतं हो," ब्रुन्के म्हणत होता. "पण हा पैसा पाहुण्यांचा. पाहुण्यांच्या सोयीवरच खर्च करायचा, कायदाच आहे तसा. आणि आजवर एका पाहुण्यानंही रस्ता मागितलेला नाही. तुमचे यजमान पडले गावातले."

"घ्या, चहा घ्या."

आमच्याकडे पुरे झालं की कपात चमचा ठेवायचा. नाही ठेवला तर कप भरतच राहतो. हे ब्रुन्केला आठ वर्षांत कोणी सांगितलेलं नाही, इतका तो लाडका. गेशे ओतत गेली, तो पीत गेला. नवव्या कपाला त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे पाहुण्यानं मागितला तर?" तिनं विचारलं.

"तर प्रश्नच नाही! पाहुण्यांच्या वहीतला शब्द न् शब्द आम्ही बैठकीत मोठ्यानं वाचतो. मी... मला जरा... संडास कुठं आहे?"

दुसऱ्याच आठवड्यात गेशेनं ती सहा पावलं ओलांडली.

"हायको, खोली आहे?"

"कुणाला?"

"ओकोला."

"का गं, हाकललंस?"

"दात काढू नकोस. त्याचं नाव गावातून काढून माझ्या बहिणीच्या पत्त्यावर घातलंय, तिकडे ओल्डनबुर्ग शहरात. आता तो बाहेरगावचा. नोंद कर आणि पट्टी घे."

मी म्हटलं, "अगं, नोंद करतो, झोपू दे त्याला आपल्या घरी. कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या जोडप्याच्या वेळी पाहिलं होतं. "खोटं कार्ड माझ्या फाटकातून जात नाही. तो इथं राहील, इथं झोपेल, भाडं देईल. आणि हो, अपंगाला सूट मिळते म्हणे. ती नकोय आम्हाला. पूर्ण पट्टी."

अशा रीतीने ओको ताम्मन एका सूटकेसनिशी समोरच्या घरातून माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत उन्हाळी सुट्टीला आला. इतका शिवराळ पाहुणा मला आजवर भेटलेला नाही. पाव शिळा, उशी मऊ, खिडकीतून बायकोचं घर दिसतं. रोज संध्याकाळी गेशे त्याला भेटायला यायची आणि दोघं तासभर भांडायचे.

"सत्तर वर्षं इथं जगलो मी! आणि आता ओल्डनबुर्गचा? तुझ्या त्या बहिणीकडचा?"

"तुला समुद्र बघायचाय की नाही?"

"बघायचाय!"

"मग लिही."

त्यानं लिहिलं. पाहुण्यांच्या वहीत, एका बोटानं पेन धरल्यासारख्या अक्षरात: 'मी समुद्राची पट्टी रोज भरतो. समुद्र दिसलेला नाही. खुर्चीसाठी रस्ता करा, नाहीतर पैसे परत द्या. ओ. ताम्मन, ओल्डनबुर्ग.' दर सोमवारी तो हेच पुन्हा लिही. सहा सोमवार.

बैठकीत ब्रुन्केनं ते मोठ्यानं वाचलं. या किनाऱ्यावर ताम्मन पोत्यानं सापडतात, त्यामुळे त्याला ओल्डनबुर्गपलीकडे काही दिसलं नाही. समितीत सातजण. ताम्मन कोण ते पाचजणांनी तिथल्या तिथं ओळखलं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. गेशेवर कुणाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. पाचांपैकी तिघांना तिनं कधी ना कधी परत पाठवलेलं. पण ब्रुन्के तोंडघशी पडणार, ही मेजवानी सोडवेना. 'ओल्डनबुर्गच्या अपंग पाहुण्याची निराशा' असं वर्तमानपत्रात छापून आलं तर, या भीतीनं ब्रुन्केनं रस्ता त्याच बैठकीत मंजूर केला.

बांधाला हात लावायचा तर दहा परवानग्या. रस्ता पुढच्या मे महिन्यात तयार झाला. तोवर ओको हिवाळ्याला आपल्या घरी गेला, कागदावर मात्र मेहुणीच्या पत्त्यावरचाच राहिला, आणि वसंतात पुन्हा माझ्या खोलीत आला.

उद्घाटन गुरुवारी अकराला. ब्रुन्केनं फीत कापली, वार्ताहराला म्हणाला, "चला, वरून फोटो घेऊ," आणि पुढं निघाला. खोक्यातून आवाज आला.

"कार्ड?"

लोक हसले. ब्रुन्केही हसला. "ताम्मनबाई, मी महापौर."

"महापौराला सूट कुठं लिहिलीय, दाखवा."

"कार्ड ऑफिसात राहिलंय."

"मग दिवसाचं तिकीट. दोन ऐंशी."

त्यानं खिसे चाचपले. सुटे नव्हते. नोटाही नव्हत्या. कोणी पुढं झालं नाही. आम्ही सगळे आभाळात ढग आहेत का ते बघत होतो. तेवढ्यात मागून खुर्ची कुरकुरली. ओकोनं आपलं कार्ड गेशेसमोर धरलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, तारीख वाचली, परत दिलं. मग ओकोनं खिशातून नाणी काढून खिडकीवर ठेवली.

"या गाद्यावाल्याचं माझ्याकडून. पाहुण्यानं पाहुण्याला सांभाळावं."

वार्ताहर लिहून घेता घेता थांबला. "आपलं नाव?"

"ताम्मन. ही माझी बायको."

ब्रुन्केचा चेहरा नवव्या कपाच्या वेळी झाला होता तसा झाला.

मी खुर्ची वर ढकलली. गेशेला खोकं सोडता येत नव्हतं. माथ्यावर पोहोचलो आणि समोर पाहिलं. ओहोटी होती. क्षितिजापर्यंत नुसता करडा चिखल, पाण्याचा थेंब नाही. वार्ताहराला सोयीची वेळ ब्रुन्केनं धरली होती, भरतीचं कोष्टक बघायचं त्याला काय सुचणार! आणि आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

ब्रुन्के मागून आला. "हसा जरा, ताम्मन. फोटो."

"बाजूला व्हा," ओको म्हणाला. "मध्ये येताय."

"अहो, पण समोर काहीच नाहीये."

"साडेचारला येईल." ओकोनं खुर्चीचा ब्रेक ओढला, टोपी खाली घेतली आणि चिखलावर नजर लावली. "बसतो मी. दिवसाचे पैसे भरलेत."